बावची आणि इंदूचा हात

ताप, खोकला, पोटदुखी घेऊन येणारा माणूस दवाखान्याच्या पायरीवरच बोलायला लागतो. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना दुखणं ऐकवून झालं की मग उरलंसुरलं माझ्यापर्यंत पोचतं. कोडाच्या पेशंटचं तसं नसतं. तो सगळ्यांना पुढे सोडतो, अगदी शेवटी आत येतो, दार लोटून घेतो आणि म्हणतो, बाई, जरा ॲसिडिटी आहे. मी आपली नाडी बघायची, जीभ बघायची आणि गप्प राहायचं. थोड्या वेळानं शर्टाची बाही वर जाते किंवा साडीचा काठ घोट्यावरून सरकतो. मग खरं दुखणं बाहेर येतं.

पेणला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा आयुर्वेदिक दवाखाना होता आणि आठवड्यातून एक दिवस मी रोह्याला बसायचे. आता दोन्ही बंद केले, गुडघ्यांनी संप केला म्हणून. पण इतक्या वर्षांत एक गंमत मात्र मी रोज बघितली. पेणचे कोडाचे पेशंट मला दाखवायला रोह्याला यायचे आणि रोह्याचे पेणला. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून एवढा खटाटोप. एसटीच्या भाड्यापरी भाडं जायचं, दिवस मोडायचा. एकदा तर रोह्याहून आलेल्या एका मास्तरांना माझ्या पेणच्या दवाखान्यात त्यांचेच शेजारी भेटले. दोघांनाही कोड, दोघांनीही घरी सांगितलेलं, पेणला गणपतीची ऑर्डर द्यायला चाललोय. दोघं एकमेकांकडे बघून असे काही ओशाळले की मलाच हसू आवरेना. मग मीच चहा मागवला आणि दोघांना एकत्रच तपासलं.

कोड म्हणजे काय, हे आधी साध्या भाषेत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या कातडीला रंग देणारं जे काही असतं ते त्या जागी काम करायचं थांबतं. बस, इतकंच. खाज नाही, दुखणं नाही, आणि मुख्य म्हणजे ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, एका पांघरुणात झोपा, लागत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतसुद्धा बोलत असेन.

पांढरा डाग दिसला की ते कोडच, असंही नाही. पावसाळ्यात भातलावणी करून भिजलेल्या अंगावर शिबं उठतात, ती साध्या मलमानं जातात. पोरांच्या गालावर चट्टे येतात, ते जंताचे म्हणून आई घाबरते आणि ते आपले आपणच जातात. महारोगाचा चट्टा असेल तर तिथे स्पर्श कळत नाही. म्हणून मी आधी पेशंटला डोळे मिटायला लावून त्या जागेवर कापसाची वात फिरवायचे आणि विचारायचे, कुठे फिरतेय सांगा. त्यांनी बरोबर सांगितलं की निम्मी भीती तिथेच उतरायची. नागोठण्याच्या एका शिक्षिकाबाईंना कपाळाच्या बरोब्बर मध्ये गोल पांढरा ठिपका आला होता. टिकलीच्या मागच्या गोंदानं रंग खाल्ला होता. टिकली बंद करा, साधं कुंकू लावा म्हटलं, तर म्हणाल्या, टिकली नाही लावली तर डाग दिसेल ना! घ्या आता. त्यांना समजावता समजावता माझी दुपार गेली.

आमच्या औषधात मुख्य म्हणजे बावची. काळं, वाटाण्याहून बारीक, उग्र वासाचं बी. ते गोमूत्रात भिजवायचं, पाणी बदलावं तसं गोमूत्र बदलत राहायचं, मग वाळवून, कुटून त्याचा लेप किंवा तेल करायचं. दवाखान्याच्या मागच्या पडवीत माझा हा उद्योग चाले आणि वासानं शेजारी हैराण. पोटातून खैराचा काढा, आवळा. त्याआधी काळ्या उंबराच्या सालीनं कोठा साफ करायचा. ती साल डोंगरातली एक कातकरी बाई आणून द्यायची आणि दर वेळी मला सांगायची, ह्या सालीनं बरं व्हतं, तुमच्या बावचीनं नाय. खारट-आंबट कमी, मासे बंद. कोकणातल्या माणसाला मासे बंद सांगणं म्हणजे काय असतं ते मीच जाणे. एकानं मला विचारलं होतं, बाई, रस्सा चालेल का? तुकडी नाय खात.

बावची लावून उन्हात बसायचं असतं, म्हणजे कातडीतला रंग जागा होतो. हे ऊन मोजकंच हवं, सकाळचं कोवळं. जास्त झालं तर कातडी भाजते. पोटातून घ्यायची ती अगदी जपून, नाहीतर यकृतावर बसते. म्हणून मी कुणाला आपल्या मनानं बावची घेऊ देत नसे. तरी लोक ऐकतात थोडेच! खाडीकाठच्या एका गावातला मिठागरात काम करणारा माणूस होता, हरी. त्याच्या मांडीवर डाग. त्याला मी चांगलं समजावून सांगितलं, सकाळचं कोवळं ऊन, थोडाच वेळ. तो मान डोलवून गेला आणि परत आला तेव्हा मांडीवर पापडासारखे फोड. मी कपाळाला हात लावला. तो शांतपणे म्हणाला, "बाई, सकालच्या उनाला आमी ऊन म्हनतच नाय." उभा जन्म भर दुपारी मीठ ओढण्यात गेलेला माणूस तो. कोवळ्या उन्हात बसून औषध लागू पडेल हे त्याच्या बुद्धीला पटेना, म्हणून तेल लावून टळटळीत दुपारी बांधावर जाऊन बसला होता. मी त्याला असं झापलं की बाहेर बाकावरचे लोक उठून उभे राहिले. फोड बरे व्हायला बराच काळ गेला. पुढे माझ्या पद्धतीनं ऊन घेऊन त्याचा डाग खरोखरच भरला, पण श्रेय कुणाला? दुपारच्या उन्हाला! गावभर तोच सल्ला वाटत फिरायचा आणि त्याच्या गावचे पेशंट आले की मी आधी विचारायचे, हरीला भेटून आलात का?

खरा रंग येतो तो कसा येतो, तेही सांगून ठेवते. डागाच्या आतल्या केसांच्या मुळाशी आधी बारीक ठिपके उमटतात, तीळ सांडल्यासारखे. मग ते पसरतात, एकमेकांना मिळतात. म्हणून जिथे केस नाहीत तिथे रंग येत नाही. ओठ, बोटांची टोकं, तळहात. आमच्या जुन्या शास्त्रकारांनीसुद्धा बजावून ठेवलं आहे की इथलं कोड नवं असलं तरी वैद्यानं हातात घेऊ नये. यंत्रं नव्हती, भिंगं नव्हती, तरी त्यांनी बघून बघून हे ओळखलं. मला त्याचा अभिमान वाटतो. आणि त्याच शास्त्रकारांनी कोडाच्या कारणांमध्ये खाण्यापिण्याबरोबर पाप, गुरूचा अपमान असलंही काय काय लिहून ठेवलं आहे, त्याचा मला अतोनात राग येतो. त्या ओळींशी माझं जन्माचं भांडण आहे. औषधाची ओळ लोकांपर्यंत पोचायला वैद्य लागतो. पापाची ओळ मात्र कशी कोण जाणे घरोघर पोचली.

हे सगळं सांगायचं कारण इंदू.

पेणचे गणपती सगळ्यांना माहीत असतात, पण ते होतात कसे ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंगाचा रंग देणारे वेगळे, पीतांबर आणि दागिने रंगवणारे वेगळे. सगळ्यात शेवटी डोळे. त्याला आखणी म्हणतात. बारीक ब्रशानं भुवई, पापणी, बुबुळ. श्वास रोखून एका ओढीत रेघ यावी लागते. रेघ हलली की तोच गणपती रागावलेला दिसतो नाहीतर झोपाळलेला. गिऱ्हाईक मूर्ती पसंत करतं ते सोंड आणि मुकुट बघून, असं त्याला वाटतं. खरं तर पसंत करतं ते डोळे बघून. म्हणून कारखान्यात आखणी करणाऱ्याचा मान मोठा.

इंदू आमच्या गल्लीच्या टोकाला दामूशेठच्या कारखान्यात आखणी करायची. तिचे वडील तिथेच आखणी करायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी ब्रश हिच्या हातात दिला. बाईमाणसानं डोळे आखायचे म्हणून सुरुवातीला कुरकुर झाली, पण हिचं काम बघून ती थांबली. नवरा कंपनीत शिफ्टला, घरचं बरं चाललेलं. पण ब्रश हातात घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बोलायला फटकळ, माझ्यासारखीच. म्हणून आमचं जमायचं.

तिच्या उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना पांढरं यायला लागलं. मग ओठाच्या कोपऱ्यात, मग मनगटावर, मग डाव्या हाताच्या बोटांनाही. पहिल्यांदा तिनं रंग लागलाय समजून घासून बघितलं म्हणे. कारखान्यात रंग सगळ्यांच्याच हाताला लागलेला असतो, त्यामुळे बराच काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे चतुर्थीच्या आधी रोह्याकडचं एक कुटुंब मूर्ती न्यायला आलं. इंदू त्यांच्याच गणपतीच्या भुवईवर शेवटचा हात फिरवत होती. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तिची बोटं बघितली आणि मूर्ती तिथेच सोडून सगळी मंडळी निघून गेली. जाताना त्या बाई म्हणाल्या, हिच्या हातचा देव आमच्या घरात नको, कुणाचं पाप कुठे फेडायचं!

दामूशेठनी इंदूला आखणीवरून उठवलं. हाकललं नाही, आतल्या खोलीत पीतांबर रंगवायला बसवलं. दामूशेठ माणूस वाईट नव्हता. पण धंदेवाल्याला गिऱ्हाइकाची भीती असते ती असतेच.

त्यानंतर इंदू माझ्याकडे आली. दार लोटलं नाही, ॲसिडिटी सांगितली नाही, सरळ टेबलावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, हे घालवा. मला डोळे आखायचे हायत."

मी तिला सगळं समजावलं. मनगटावरचा रंग येईल, तिथे केस काळे आहेत. बोटांच्या टोकांचा आणि ओठाचा येणार नाही. माझ्याकडे नाही आणि कातडीच्या मोठ्या डॉक्टरकडेही बहुधा नाही, तरी त्यांनाही दाखवून ये, मी चिठ्ठी देते. पेशंटला नाही म्हणणं सोपं नसतं. समोरचा माणूस आपल्या तोंडाकडे बघत असतो, आपण एखादी फट ठेवू म्हणून. मी फट ठेवली नाही. इंदूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमी औषध तर द्या, येतंय का नाय ते मी बघते.

ती पनवेलला जाऊन त्या डॉक्टरांनाही दाखवून आली, त्यांनीही तेच सांगितलं. मग तिनं माझं औषध सुरू केलं आणि असं पथ्य पाळलं की मी थक्क झाले. मासे सोडले. लोणचं सोडलं. तो कडू काढा रोज, न चुकता. सकाळी अंगणात हात पसरून बसलेली दिसायची. मनगटावर ठिपके उमटले, आम्ही दोघी हरखलो. बोटांवर काही नाही. दर खेपेला ती बोटं माझ्यापुढे धरायची, मी भिंग लावून बघायचे आणि मान हलवायचे. ती औषधाची पुडी उचलून जायची. मला तिची पाठ बघवत नसे.

असं जवळजवळ वर्ष गेलं. कारखान्यात पुन्हा चतुर्थीची घाई सुरू झाली. इंदूच्या जागी दामूशेठ स्वतः डोळे आखत होते. इंदूनं पुन्हा त्यांच्याकडे विषय काढला तेव्हा ते म्हणाले, बाईंना स्वतःच्या तोंडानं मला सांगू दे की तू बरी झालीस, त्याच दिवशी तुला परत आखणीवर बसवतो.

श्रावणातली गोष्ट. दुपारी दवाखाना बंद करायच्या बेतात होते, तर दोघं दारात. दामूशेठ पांढऱ्या सदऱ्यात, सदऱ्यावर सोनेरी रंगाचे शिंतोडे. इंदू त्यांच्या मागे, मान खाली. मी बसायला सांगितलं. इंदूनं टेबलावर दोन्ही हात ठेवले.

बोटांवर रंग आला होता! सगळ्या बोटांवर. टोकापासून पेरापर्यंत. ओठाचा कोपराही भरलेला. इतक्या वर्षांत न बघितलेली गोष्ट माझ्या औषधानं झाली असं वाटून मी खुर्चीतून अर्धी उठले. मग भिंग उचललं आणि खाली बसले.

तो रंग तीळ सांडल्यासारखा आलेला नव्हता. एकसारखा, सलग होता. पेरांच्या सुरकुत्यांत जरा गडद, नखाकडे जरा गुलाबी, बोटाच्या बाजूला किंचित फिका. म्हणजे खऱ्या बोटाला असतो तसाच. इतकं बारीक काम माणसाच्या अंगावर मी कधी बघितलं नव्हतं. गणपतीच्या कारखान्यात रंग मिसळता मिसळता जिची हयात गेली, तिनं स्वतःच्या कातडीचा रंग मिसळून बोटांवर चढवला होता. असली करामत पेणलाच होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईला ते सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी साधलं नसतं.

"सांगा ना बाई शेठना," इंदू म्हणाली. आवाज अगदी बारीक. माझ्याकडे बघत नव्हती.

मी काय करावं? बरी झाली म्हटलं असतं तर संध्याकाळीच ती तिच्या जागेवर बसली असती. तेवढंच तर तिला हवं होतं. जिभेवर शब्द आला होता, खोटं कशाला बोलू. पण ते रंग, ते थिनर रोज त्या कातडीवर चढवायचे आणि घासून काढायचे म्हणजे डाग वाढणार, हे मला दिसत होतं. टिकलीच्या गोंदानं जे होतं ते इथे दहा बोटांना झालं असतं. आणि नाही म्हटलं तर माझ्याच तोंडानं तिची जागा गेली असती. मला इंदूचा राग आला, की तिनं मला या पेचात आणलं. आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटली. मी तिचे हात हातात धरले. शेवटी म्हटलं, दामूशेठ, तुम्ही जरा बाहेर बसता का?

दामूशेठ उठले नाहीत. खिशातून चष्मा काढला, लावला, टेबलावर वाकून त्यांनी तिची बोटं नीट बघितली. मग चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या बाई. रंग आमच्याच कारखान्यातला हाय. वाटेत येतानाच मला संशय आला होता." आणि अगदी कामाच्या आवाजात, "पेराकडं पिवळा जरा कमी पडलाय."

इंदूनं ताडकन मान वर केली. मला वाटलं रडते की काय. कसली रडतेय! तिचे डोळे नुसते पेटले होते. "पिवळा बरोबर हाय," ती म्हणाली. "तुमालाच दिसत नाय आता. म्हनून तर औंदाचे गणपती सगळे रागावलेले दिसतायत."

मी दामूशेठकडे बघितलं. आता हा माणूस काय करतो! त्यांनी चष्मा परत खिशात ठेवला. मग म्हणाले, व्हय, नाय दिसत. आणि बोलायला लागले तर सगळंच बोलले. त्यांना एकेका रेघेच्या दोन-दोन रेघा दिसायला लागल्या होत्या. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मूर्ती बघून, यंदा डोळे कुणी केले असं विचारलं होतं. इंदूशिवाय ते काम होणार नाही हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्यांना वाटलं होतं, बाई एकदा बरी झाली म्हणाल्या की आपण डोळे झाकून विश्वास ठेवू. रंग ओळखूनही ते गप्प बसणार होते. पण माझा चेहरा बघून त्यांना राहवेना.

"हा रोग लागत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मला माहीत हाय हो. गिऱ्हाइकाला कोन सांगनार?"

"मी सांगते," मी म्हटलं. म्हटलं आणि मग विचार करायला लागले की कसं. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

आमच्या घरी दरवर्षी गणपती येतो, तो दामूशेठच्याच कारखान्यातून. मी सांगितलं, यंदा आमच्या गणपतीचे डोळे कोरे ठेवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, भर गर्दीत, इंदूनं बाहेरच्या दालनात बसून ते आखायचे. आणि हात धुऊन. रंगबिंग काही नाही.

इंदू म्हणाली, "असेच? उघडे?"

"असेच," मी म्हटलं. "ओठाचाही रंग काढ."

आदल्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवून तिथे जाऊन बसले. खेडोपाडीची माणसं पाट घेऊन, टोपल्या घेऊन आलेली, पावसानं पायाखाली चिखल. इंदू आली ती हात पदराखाली घेऊनच आली. बसली, पण हात बाहेर काढेना. दामूशेठनी रंगाची वाटी तिच्यापुढे ठेवली, मूर्ती फिरवून तिच्या समोर आणली आणि तिचा जुना ब्रश तिच्याकडे धरला. मग तिचा हात बाहेर आला. पांढरी बोटं सगळ्यांना दिसली. कुजबुज सुरू झाली.

मी उठून उभी राहिले. भाषण वगैरे मला येत नाही. मोठ्यानं सांगितलं की मी वैद्य आहे, हिला औषध मीच देते, हे कोड आहे, ते कुणाचं कुणाला लागत नाही, याचा कुठल्या पापाशी संबंध नाही आणि हा गणपती माझ्या घरी जाणार आहे. कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा, तिला काम करू द्या. पेशंटला दार लावून सांगायचं वाक्य मी पहिल्यांदाच उघड्यावर बोलत होते.

दोन कुटुंबं पाट उचलून गेली. खोटं कशाला सांगू. दामूशेठनी त्यांच्या पाठीकडे बघितलं, पण इंदूला उठवलं नाही. बाकीचे उभे राहिले, काही कौतुकानं, काही नुसते बघे. इंदूनं श्वास रोखला आणि पहिली भुवई ओढली. मग दुसरी. पापणी. बुबुळ. हात जरासुद्धा हलला नाही. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका दिला आणि ती मागे सरकली. मूर्ती आमच्याकडे बघत होती.

कोलाडकडचा एक म्हातारा शेतकरी पुढे आला. मघापासून तोच सर्वांत जास्त पुटपुटत होता, म्हणून मी कंबर कसून तयार होते. तो वाकून बराच वेळ गणपतीकडे बघत राहिला. मग दामूशेठना म्हणाला, आमच्या गणपतीचे डोळे पुसा आनि ह्या बाईकडून परत करून द्या. मागून त्याच्या मुलानं हळू आवाजात काहीतरी म्हटलं, बहुतेक बोटांविषयी. म्हातारा वळला नाही. "हात मी घरी नेनार नाय," तो म्हणाला. "डोळे नेनार हाय."

त्या दिवशी इंदू उठली ती दिवेलागणीला. पुढच्या वर्षीही काही गिऱ्हाइकं बिचकली, काही कायमची गेली, काही तिचं नाव सांगत नवीन आली. जग एका दिवसात बदलत नाही, पण दामूशेठनी तिला पुन्हा आतल्या खोलीत बसवलं नाही.

त्याच वर्षी विसर्जनानंतर दवाखाना पुन्हा सुरू झाला आणि इंदू आली. नेहमीसारखी बोटं पुढे केली नाहीत. मनगट दाखवलं. ठिपके चांगले पसरले होते, एकमेकांना मिळत होते. मी खूश होऊन म्हटलं, छान येतंय गो, अजून थोडा काळ औषध नेटानं घेतलंस तर मनगट पूर्ण भरेल. पुडी बांधायला घेतली. तिनं माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं.

"बाई, औषध बंद केलं तर चालंल का?"

एरवी हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. अर्ध्यावर औषध सोडणाऱ्यांना मी कधी सोडलेलं नाही. मी तोंड उघडलं होतं, पण ती पुढे म्हणाली, "येतंय ते येऊ दे. नाय आलं तर नाय आलं. मला आता बरं व्हायची घाई नाय."

मी पुडी सोडली आणि बावची परत बरणीत ओतली.